मोन्तेरिज्जोनीची तटबंदी कशी पाहावी

इटलीतल्या सिएना या नगरराज्याने 1213 ते 1219 दरम्यान प्रतिस्पर्धी फ्लोरेन्सवर नजर ठेवायला हे गाव टेकडीवर वसवलं. आत शिरण्याची घाई करू नका. आधी तटाला बाहेरून प्रदक्षिणा घाला. घेर जेमतेम 570 मीटर आहे.

बुरूज 14, चौकोनी आणि तटाबाहेर आलेले. दोन बुरुजांमधल्या भिंतीशी पाठ टेकून उभे राहा. दोन्हीकडच्या बुरुजांवरून तुम्ही दिसता, म्हणजे माराही दोन्हीकडून होणार. बुरूज पुढे काढण्याचं कारण हेच.

आता दगड पाहा. भिंतीत ओळीने चौकोनी भोकं असतात. बरेच जण त्यांना बाण मारण्याच्या खिडक्या समजतात. बहुतेक भोकं परांचीचे वासे रोवायची. एका आडव्या रेषेत असतील तर खात्रीच समजा. चुन्याचा रंग किंवा दगडाचा आकार एकदम बदलला, तर तिथून वर नंतरचं बांधकाम असू शकतं. बुरूज मधल्या काळात खुजे केले गेले आणि 20व्या शतकात काही पुन्हा उंच केले, त्यामुळे माथ्यावरून मूळ उंचीचा अंदाज बांधू नका.

सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात हे सांधे उठून दिसतात. दुपारी सगळं सपाट वाटतं. मग रोमच्या दिशेच्या पोर्ता फ्रांका (पोर्ता म्हणजे वेस) मधून आत जा आणि फ्लोरेन्सकडच्या पोर्ता सान जिओवान्नीतून बाहेर पडा.