कुप्याच्या मागे जायचंय? आधी इंजिनाखाली वाकून पाहा

फायबरची २८ ते ३२ फुटी होडी, आत दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन आणि तीन माणसं. कोकण किनाऱ्यावरून एवढ्यावर कुपा, म्हणजे ट्यूना, गरवता (गळाने पकडता) येतो. फक्त हे काम जाळं टाकून वाट पाहण्याचं नाही. गळ मागे ओढत होडी पाच ते सात नॉटनी तासन्‌तास चालती ठेवावी लागते. कमी फेऱ्यांवर दोन सिलिंडरचं इंजिन सगळ्यात जास्त हादरतं, आणि तो हादरा आधी इंजिन ज्यावर टेकतं ते रबरी माउंटिंग खातं. म्हणून पावसाळी बंदीत होडी वर ओढलेली असतानाच माउंटिंग तपासून घ्या. ऐन हंगामात मेस्त्री मिळत नाही आणि मिळाला तर त्याला घाई असते.

माउंटिंग बहुधा चार असतात, दोन पुढे आणि दोन गियरबॉक्सकडे. तपासायला टॉमी (लोखंडी पहार) पुरते. ब्रॅकेटखाली (माउंटिंगवर टेकणाऱ्या इंजिनाच्या लोखंडी पायाखाली) टॉमी घालून इंजिन हलकं उचला. रबर आणि लोखंडी टोपी यांच्यात फट उघडली तर ते माउंटिंग गेलं, बाहेरून कितीही ठीक दिसो. खाली काळी भुकटी साचली असेल तर रबर घासलं जातंय. बोटाने दाबल्यावर रबर फुगलेलं, चिकट लागलं तर ते डिझेल प्यालेलं आहे. यात दोष रबराचा नसतो, वरून थेंब-थेंब गळणाऱ्या फिल्टरचा किंवा पाइपाचा असतो. ती गळती न काढता नवं माउंटिंग टाकलं तर तेही पुढच्या हंगामात तसंच होईल. शेवटची खूण होडी पाण्यात असतानाच कळते: धक्क्याला घट्ट बांधून एकाने हळू गियर पुढे-मागे टाकावा, दुसऱ्याने पाहावं. थोडं डोलणं चालतं, पण इंजिन सेंटीमीटरभर उडी मारत असेल तर चालत नाही.

एकच फाटलं असलं तरी चारही बदला. जुनं रबर बसलेलं असतं, नवं ताठ असतं, त्यामुळे इंजिन तिरकं होतं. रबराचा कडकपणा अंकात छापलेला असतो, ४५, ५५, ६५ असा. गियरबॉक्सकडे वजन जास्त असल्यामुळे मागची माउंटिंग काही इंजिनांत वेगळ्या अंकाची असतात. काढण्याआधी कुठे कोणता अंक होता ते लिहून ठेवा. दुकानदार ‘सगळी सारखीच’ म्हणेल, त्याचं ऐकू नका.

पहिल्यांदा कपलिंगचे, म्हणजे गियरबॉक्सला शाफ्ट (पंख्याचा दांडा) जोडणाऱ्या चकत्यांचे, बोल्ट काढून शाफ्ट १०-१५ मिमी मागे सरकवा. प्रत्येक माउंटिंगच्या तळाभोवती बेडवर (इंजिनाखालच्या बैठकीवर) खिळ्याने रेघ मारा आणि बेडपासून ब्रॅकेटपर्यंतची उंची व्हर्नियरने मोजून लिहा. जॅक ब्रॅकेटखाली किंवा गियरबॉक्सच्या भक्कम भागाखाली लावा, मध्ये लाकडाचा ठोकळा ठेवा. तेलाच्या संपखाली (इंजिनाच्या तळाच्या टाकीखाली) जॅक लावलात तर तो पत्रा चेपतो. एका वेळी एकच माउंटिंग काढा आणि नवं बसवूनच पुढच्याकडे जा. वरचं नट आवळताना खालचं दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, नाहीतर स्टड (माउंटिंगमधून वर आलेला आट्यांचा दांडा) फिरतो आणि रबर पीळ खाऊन बसतं. असं पिळलेलं रबर लवकर फाटतं. उंची कमी पडली तर स्टडवर नट चढवत नेऊ नका. उंच स्टड हादऱ्याने वाकतो किंवा तुटतो. माउंटिंगखाली लोखंडी किंवा फायबरची सपाट पट्टी घाला. लाकडाची फळी दबते, ती नको.

जिथं वेळ जातो ती गोष्ट म्हणजे बेड. फायबरच्या आत लाकूड असतं आणि स्क्रूच्या भोकातून पाणी शिरून ते कुजतं. हातोडीच्या दांड्याने ठोकत जा. टणक ‘टक’ऐवजी बद्द आवाज आला तिथं ६ मिमीचं भोक पाडा. बाहेर तपकिरी ओला भुसा आला तर कुजलंय. स्क्रू नुसता सैल झाला असेल आणि लाकूड चांगलं असेल, तर भोक २०-२५ मिमीपर्यंत मोठं करा, बल्ब लावून दोन-तीन दिवस वाळवा, आतून पातळ इपॉक्सी फिरवा आणि मग सिलिका पावडर घालून लोण्यासारखं घट्ट केलेलं इपॉक्सी भरा. २४ तासांनी १२ मिमीच्या कोच स्क्रूसाठी ९ मिमीचं भोक पाडा. फायबरवाल्यांकडचं नेहमीचं पॉलिस्टर रेझिन इथं वापरू नका, ओलसर लाकडाला ते धरत नाही. पावसाळी हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो, तो पाण्याने धुऊन घासल्याशिवाय दुसरा थर चढवू नका. हातभर लांबीचं लाकूड कुजलं असेल तर मात्र भोकं बुजवून भागत नाही, वरचं फायबर कापून लाकूड बदलावंच लागतं.

शाफ्ट जमिनीवर जुळवू नका. ठोकळ्यांवर टेकलेल्या होडीचा आकार आणि तरंगत्या होडीचा आकार यांत फरक पडतो. होडी पाण्यात उतरवून एक दिवस जाऊ द्या, टाकी अर्धी भरा, बर्फाच्या पेटीइतकं वजन जागेवर ठेवा. शाफ्टचं मोकळं टोक स्वतःच्या वजनाने खाली झुकतं. ते वर जास्तीत जास्त किती उचलता येतं आणि खाली किती येतं ते पाहून मधोमध आधार द्या. आता कपलिंगची दोन्ही तोंडं हाताने एकमेकांत बसली पाहिजेत. हातोडी लागली तर उंची किंवा बाजू चुकली आहे.

मग फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फट मोजा. १०० मिमी व्यासाच्या कपलिंगला सर्वात मोठ्या आणि सर्वात लहान फटीतला फरक ०.१ मिमीच्या आत हवा. सुधारणा करताना एवढंच लक्षात ठेवा: फट जिकडे जास्त, इंजिनाचं नाक तिकडे. फट वर जास्त असेल तर पुढची माउंटिंग उचला, डावीकडे जास्त असेल तर पुढचा भाग डावीकडे सरकवा. शेवटी इंजिन न हलवता फक्त शाफ्ट अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजा. मोठी फट शाफ्टबरोबर फिरली तर इंजिनाला हात लावून उपयोग नाही. शाफ्ट वाकलाय किंवा कपलिंगचं तोंड तिरकं आहे. नट आवळल्यावर नटावरून ब्रॅकेटपर्यंत लाल रंगाची रेघ ओढा, म्हणजे पुढे नट फिरला तर लांबूनच दिसतं. डिझेलचा तांब्याचा पाइप थेट इंजिनाला जोडलेला असेल तर शेवटचा फूटभर भाग रबरी होजचा करा. नाहीतर इंजिन डोलतं, पाइप डोलत नाही, आणि तो चिरतो.

आता गरवायचं. मासा कुठे आहे हे हैदराबादच्या इनकॉइस या समुद्र-माहिती केंद्राच्या संभाव्य मासेमारी क्षेत्राच्या सूचनेत पाहा, ती मराठीतही मिळते. अंतर आणि डिझेल यांचं गणित एक तृतीयांशाचं: एक भाग जायला, एक गरवून परतायला, एक राखीव. विजयदुर्गापासून सुमारे १०५ किमीवरच्या अँग्रिया बँकेची (समुद्रातल्या बुडालेल्या पठाराची) गोष्ट सगळे सांगतात, पण सहा नॉटनी तिथं पोहोचायलाच साडेनऊ तास लागतात. ते या होडीचं काम नव्हे.

तीन माणसांना चार दोऱ्या पुरे. दोन जवळच्या १५ मीटरवर आणि दोन लांबच्या ३० ते ४० मीटरवर. लांबच्या दोऱ्या बाजूला काढलेल्या बांबूंवर बांधा. हाताच्या दोरीला दीड-दोन मिमीचा तंगूस (नायलॉनचा दोरा), टोकाला फिरकी, आणि होडीकडच्या बाजूला सायकलच्या ट्यूबचा तुकडा. मासा धडकतो तेव्हा झटका ट्यूब घेते, नाहीतर गळ तोंड फाडून निघतो. हातमोजे घालाच, आणि दोरी हाताभोवती कधीही गुंडाळू नका. पक्षी पाण्यावर सूर मारताना दिसले की थव्याच्या मधून होडी घालायची नाही, मासा खाली बसतो. कडेकडेने जा. वळण रुंद घ्या; आखूड वळणात आतल्या दोऱ्या बुडतात आणि पंख्यात जातात. पंख्यात गेलेला तंगूस एका झटक्यात माउंटिंग फाडू शकतो, आणि स्टर्न ट्यूबचं (शाफ्ट होडीबाहेर जातो त्या नळीचं) सील कापतो ते वेगळंच. गियर बदलताना आधी फेऱ्या उतरवा.

समुद्रात माउंटिंग तुटलंच तर इंजिन बंद करून ब्रॅकेटखाली लाकडी पाचर ठोका, रॅचेट पट्ट्याने इंजिन बेडला बांधा आणि ज्या फेऱ्यांवर हादरा सर्वात कमी तिथं ठेवून परत फिरा. ते बहुतेक वेळा आयडलपेक्षा थोडं वर असतं. ग्लँडला (शाफ्टभोवती पाणी अडवणाऱ्या भागाला) दर दहा मिनिटांनी हात लावा, हात ठेववत नसेल तर थांबा. पाणी आत येऊ लागलं तर १५५४ हा तटरक्षक दलाचा क्रमांक किंवा व्हीएचएफ चॅनेल १६.

मासा आत आला की लगेच रक्त काढा. कल्ल्यामागच्या बाजूच्या पराच्या तळापासून दोन-तीन बोटं मागे, दोन्हीकडे सेंटीमीटरभर खोल काप द्या, मग कल्ले आणि आतडी काढा. एक किलो माशाला एक किलो बर्फ धरा, त्यात समुद्राचं पाणी घाला म्हणजे बर्फ सगळीकडून लागतो. कुप्यात थंडावा कमी पडला की हिस्टॅमिन तयार होतं आणि ते शिजवून जात नाही. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, डोकं ठणकतं. कुप्याला सुरमईच्या मानाने भाव मिळत नाही याचं अर्धं कारण या बर्फाच्या पेटीत आहे.

नवं रबर पहिल्या काही आठवड्यांत मिलिमीटर-दोन मिलिमीटर बसतं. त्यामुळे इंजिन २५ तास चाललं की कपलिंग सोडून फट पुन्हा मोजा. ती जवळजवळ नेहमी बदललेली असते, आणि पुढच्या दोन्ही नटांचा पाव फेरा सहसा पुरतो.