जुनी गाडी सुरू होत नाही? नवी बॅटरी घेण्याआधी मीटर लावा

कार्ब्युरेटरवाली मारुती ८००, पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर सकाळी सुरू झाली नाही की सल्ला ठरलेला असतो: "बॅटरी गेली, नवी टाका." नवी बॅटरी टाकली की गाडी काही दिवस नीट चालते आणि मग पुन्हा रडते, कारण मूळ दोष तसाच राहिलेला असतो. वीस-पंचवीस वर्षं झालेल्या गाडीत करंट अडतो तो बहुतेक वेळा जोडांमध्ये. टर्मिनल गंजलेलं असतं, अर्थिंगची वायर सैल झालेली असते, नाहीतर फ्यूजची टोकं काळी पडलेली असतात. हे घरच्या घरी शोधता येतं आणि त्यासाठी वायरमन असण्याची गरज नाही.

साधा डिजिटल मल्टिमीटर, १२ व्होल्टच्या बल्बला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प, दहाचा पाना, वायर ब्रश आणि पॉलिश पेपर एवढं जवळ असू द्या. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे जवळ काडी किंवा सिगारेट नको. टर्मिनल काढताना आधी निगेटिव्ह काढायचं आणि लावताना ते शेवटी लावायचं. मग पॉझिटिव्हवर काम करताना पाना बॉडीला लागला तरी शॉर्ट होत नाही.

आधी हेडलाइट लावून सेल्फ मारा

कुणाला तरी समोर उभं करा, हेडलाइट लावा आणि चावी फिरवा. या एका चाचणीत निम्मा तपास होतो.

हेडलाइट एकदम मंद झाले किंवा विझलेच, आणि नुसतं "टक-टक-टक" ऐकू आलं, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल धरत नाही. हेडलाइट झगझगीत राहिले आणि एकच जोरात "टक" आला, तर संशय सोलेनॉइड (चावी फिरवल्यावर सेल्फला जाड करंट जोडणारा स्विच) किंवा सेल्फवर. प्रकाश चांगला पण आवाजच नाही, म्हणजे इग्निशन स्विचपासून सोलेनॉइडपर्यंत करंट पोचत नाही. आणि सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरी आणि सेल्फ सोडून स्पार्ककडे वळा.

बॅटरीचे आकडे

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मीटर डीसी व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांवर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे पूर्ण भरलेली. १२.४ चालेल. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, मग पुढचं बोला. आता सेल्फ मारताना वाचा. आकडा ९.६ च्या वर टिकला पाहिजे. चार्ज केलेली बॅटरीही त्याखाली कोसळत असेल, तर ती खरंच संपली किंवा सेल्फ जास्त करंट ओढतोय. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर पाणीही पाहा. भरायचं ते डिस्टिल्ड वॉटरच, नळाचं नाही.

जोडांची परीक्षा

हा भाग घाई न करता करा, कारण जुन्या गाडीचा दोष इथेच सापडतो.

छोट्या गाडीचा सेल्फही शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. एखाद्या जोडाचा रोध फक्त ०.०१ ओहम वाढला, तरी १५० अँपिअरला तिथे दीड व्होल्ट खर्च होतो. हेडलाइटला जेमतेम दहा अँपिअर लागतात, म्हणून ते व्यवस्थित लागतात आणि आपण फसतो. टर्मिनल वरून स्वच्छ दिसतं, पण क्लॅम्प काढला की आत खुंटीला राखाडी थर चिकटलेला असतो. नखाने खरवडून पाहा, खाली चकचकीत शिसं दिसेल. करंट त्या थराने अडवलेला असतो.

मोजायचं असं: मीटरची एक पिन बॅटरीच्या खुंटीवर, दुसरी तिच्याच क्लॅम्पवर, आणि सोबत्याला सेल्फ मारायला सांगा. आकडा शून्याजवळ हवा. मग एक पिन निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर. इथे सेल्फ फिरताना ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. पॉझिटिव्ह खुंटी ते सेल्फचा जाड बोल्ट, इथे अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून बॉडी आणि इंजिन जोडणारी वेगळी अर्थ पट्टी असते. क्लच किंवा गिअरबॉक्सचं काम झाल्यावर ती परत लावायची राहते, हे फार वेळा घडतं. मग करंट अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापते. पट्टी काढून तिची टोकं आणि बॉडीवरची जागा रंग निघून लोखंड दिसेपर्यंत घासा, बोल्ट घट्ट आवळा, वरून व्हॅसलिन लावा.

सेल्फ आणि चावीची वायर

जोड ठीक असूनही सेल्फ गप्प असेल, तर सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलला टेस्ट लॅम्प लावून चावी फिरवा. लॅम्प लागला आणि सेल्फ हलला नाही, तर सेल्फ उतरवायला हवा. बहुधा आतले कार्बन झिजलेले असतात, आणि ते बदलणं नवा सेल्फ घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. लॅम्प लागलाच नाही तर स्विच, रिले (थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच) आणि त्यांच्या कनेक्टरमध्ये शोधा. लॅम्प मंद लागतो, अशा वेळी जुन्या स्विचवरचा भार काढून सेल्फसाठी वेगळा रिले बसवून घ्यावा. माझ्या मते जुन्या गाडीवर केलेल्या खर्चात हा सर्वांत सार्थकी लागणारा.

फ्यूज जागेवर असतानाच त्याच्या दोन्ही टोकांना एकेक करून लॅम्प लावून तपासा. उडालेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटची चांदी किंवा तार गुंडाळू नका. त्याने वायरिंगला आग लागू शकते.

सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही

एक प्लग काढा, त्याच्या वायरला जोडा, प्लगचं लोखंड इंजिनला टेकवा आणि रबरी मुठीच्या पक्कडीने धरून सेल्फ मारायला सांगा. पेट्रोल सांडलेलं नसावं. निळसर, कडक ठिणगी हवी. पिवळट, मरतुकडी ठिणगी उपयोगाची नाही. ठिणगीच नसेल तर चावी ऑन करून इग्निशन कॉइलच्या पॉझिटिव्हवर करंट येतोय का पाहा. येत असेल तर डिस्ट्रिब्युटर (कॉइलचा करंट पाळीपाळीने प्रत्येक प्लगला वाटणारा भाग) उघडा.

कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटर कॅपच्या आत दमट हवेचे थेंब धरतात. कोरड्या फडक्याने पुसल्यावर गाडी लगेच सुरू होते. कॅपमध्ये केसासारखी काळी रेघ दिसली, तर तिथून करंट गळतो. ती कॅप बदलाच. डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) असलेल्या गाडीत त्यांचं अंतर साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असतं, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहा. पॉइंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सर गेलेला असतो.

एक लक्षण विशेष ध्यानात ठेवा. सेल्फ मारताना इंजिन पकडतं आणि चावी सोडताच बंद पडतं. असं झालं तर कॉइलच्या आधीचा बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट मर्यादेत ठेवणारा रोध), तो असेल तर, किंवा स्विचचा "ऑन" कॉन्टॅक्ट तपासा.

रोज सकाळी बॅटरी उतरते

सगळं बंद करून निगेटिव्ह काढा आणि खुंटी व क्लॅम्प यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरच्या रेंजवर जोडा. मीटर जोडलेला असताना चावी फिरवू नका, मीटरचा फ्यूज जाईल. ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त दिसलं तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडतो, दोष त्या लाइनवर. अर्धा अँपिअर गळती ३५ अँपिअर-अवरची बॅटरी तीन दिवसांत उतरवते. बहुतेकदा दोषी निघतो नंतर बसवलेला म्युझिक सिस्टिम, नाहीतर उंदराने कुरतडलेली वायर.

गळती नसेल तर चार्जिंग पाहा. इंजिन सुरू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला हवेत. चावी ऑन केल्यावर डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा लागतो का, तेही बघा. त्याचा बल्ब उडाला की अनेक अल्टरनेटर चार्ज करायला सुरुवातच करत नाहीत. आणि चालू इंजिनवर टर्मिनल काढून "अल्टरनेटर चालतो का" पाहण्याची गॅरेजमधली पद्धत कुणालाही करू देऊ नका. त्या झटक्यात व्होल्टेज उसळतं आणि अल्टरनेटरचे डायोड जळतात.