खारपाणपट्ट्यातले कॉलम आणि सल्फेट

अकोल्याकडे आमचं शेत खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं पाणी खारट असलेल्या भागात येतं. पाण्याच्या टाकीचे चार कॉलम नऊ वर्षांतच जमिनीलगत पांढरे पडले. प्लास्टर दोनदा करून झालं, दोन्ही वेळा पापुद्रे सुटले. तिसऱ्यांदा खणून पाहिलं तर मातीखालचं काँक्रीट स्क्रू-ड्रायव्हरने खरवडलं जात होतं, ओल्या खडूसारखं.

बोअरचं पाणी तपासून घेतलं. सल्फेट हा क्षार लिटरला ९०० मिलिग्रॅम, क्लोराइडही भरपूर. आणि बांधताना काँक्रीट कालवलं होतं याच पाण्यात! सल्फेट सिमेंटमधल्या ॲल्युमिनेटशी जुळून एट्रिंजाइट नावाचे स्फटिक तयार करतं. ते फुगतात आणि काँक्रीट आतून फोडतात. वरून प्लास्टर थापून काय होणार?

टाकी रिकामी केली, जॅक लावले, एकेक कॉलम घेतला. हातोडीचा आवाज खणखणीत येईपर्यंत सगळं फोडलं, सळ्या तारेच्या ब्रशने घासल्या, मग चहूबाजूंनी नव्या काँक्रीटचं १०० मिलिमीटरचं जॅकेट. दुकानदार सल्फेटरोधक सिमेंट देत होता. पण ते क्लोराइडपुढे लंगडं, सळ्या गंजतात. मी स्लॅग सिमेंट (पोलाद कारखान्यातल्या भट्टीची मळी दळून मिसळलेलं) घेतलं, ते दोन्हींपुढे टिकतं; काँक्रीटच्या घनमीटरला ३६० किलो. टँकरचं गोडं पाणी, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५. मिस्त्री कुरकुरला, "साहेब, माल चालत नाही." पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन, प्लास्टिसायझर टाकलं, चालला.

चौदा दिवस गोणपाट ओलं ठेवलं, तेही टँकरच्याच पाण्याने. मातीत जाणाऱ्या भागाला बिटुमेनचे दोन हात दिले आणि टाकीचं सांडपाणी चर काढून लांब नेलं. दोन पावसाळे झाले, पांढरं अजून दिसलेलं नाही.