छोट्या मिलिंग मशीनवर थ्री-फेज मोटर आणि व्हीएफडी कसा बसवावा

टेबलावर मावणाऱ्या बेल्टच्या मिलिंग मशीनला बऱ्याचदा सिंगल-फेज कपॅसिटर मोटर असते. वेग बदलायचा तर मशीन बंद करा, झाकण उघडा, बेल्ट दुसऱ्या पायरीवर चढवा. शिवाय 50 हर्ट्झच्या पुरवठ्यावर या मोटरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो आणि ती थरथर फिनिशमध्ये दिसते. घरात थ्री-फेज कनेक्शन नसलं तरी 230 व्होल्ट सिंगल-फेजवर चालणारा व्हीएफडी, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह, लावून थ्री-फेज मोटर वापरता येते. वायरिंगचा सराव नसेल तर तेवढं काम वायरमनकडूनच करून घ्या.

जुनीच मोटर ड्राइव्हला जोडू नका. वेग कमी केला की तिच्यातला सेंट्रिफ्युगल स्विच (वेग आला की स्टार्टिंग वाइंडिंग तोडणारा) परत जुळतो, स्टार्टिंग वाइंडिंग लाइनवर येतं आणि जळतं.

नवी मोटर जुनीइतक्याच ताकदीची, 4 पोलची घ्या. 0.75 किलोवॅटची, म्हणजे 1 एचपीची मोटर साधारणपणे 80 फ्रेममध्ये (हे मोटरच्या बांध्याचं ठरलेलं माप) येते आणि तिचा शाफ्ट 19 मिमीचा असतो. खरेदीआधी जुन्या पुलीचा बोअर आणि चावीचा गाळा मोजा. माउंटिंग फूटचं आहे की फ्लॅंजचं, तेही बघा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, स्टार-डेल्टा, म्हणजे मोटरची तीन वाइंडिंग आपसात जोडायच्या दोन पद्धती. आपल्याकडे छोट्या थ्री-फेज मोटरी बहुतेक 415 व्होल्ट स्टारमध्ये जोडून येतात. सिंगल-फेज ड्राइव्ह देतो 230 व्होल्ट. तशीच जोडली तर मोटर फिरेल, पण कट घेताना दम सोडेल. टर्मिनल बॉक्स उघडा. सहा बोल्ट दिसतील. एका ओळीतले तिन्ही बोल्ट धातूच्या पट्ट्यांनी एकत्र जोडलेले असतील तर तो स्टार. त्या पट्ट्या काढून उभ्या लावा, म्हणजे समोरासमोरच्या बोल्टची एकेक जोडी होईल. हा डेल्टा. नेमप्लेटवर 415 व्होल्टला 1.8 अँपिअर लिहिलं असेल तर डेल्टात ते 1.73 पट, म्हणजे सुमारे 3.1 अँपिअर होतं. ड्राइव्ह निवडताना आणि सेटिंग करताना हाच आकडा धरायचा. बॉक्समध्ये तीनच वायरी असतील तर स्टारची गाठ वाइंडिंगच्या आत आहे. ती रिवाइंडिंगवाल्याकडून सोडवून सहाही टोकं बाहेर काढून घ्या.

ड्राइव्ह आला म्हणून पायऱ्यांच्या पुल्या मात्र काढू नका. माझा सगळ्यात जास्त आग्रह याच गोष्टीचा आहे. 50 हर्ट्झच्या खाली ड्राइव्ह मोटरचा टॉर्क फार तर टिकवून धरतो, वाढवत नाही. समजा 50 मिमीचा एचएसएस (हाय-स्पीड स्टील) फ्लायकटर माइल्ड स्टीलवर मिनिटाला 25 मीटरने चालवायचा आहे. स्पिंडल सुमारे 160 आरपीएमला फिरायला हवा. पुली 1:1 असेल तर 1440 आरपीएमची मोटर जेमतेम 5.5 हर्ट्झवर आणावी लागेल. हातात टॉर्क जेमतेम 5 न्यूटन-मीटर, आणि मोटरचा पंखाही इतका हळू फिरेल की ती तापेल. तेच 4:1 च्या पायरीवर मोटर 22 हर्ट्झवर आरामात चालते आणि स्पिंडलला चौपट टॉर्क मिळतो. पायरी कामानुसार निवडा, बारीक फरक ड्राइव्हने करा.

जोडणीत एमसीबीनंतरची लाइन ड्राइव्हच्या इनपुटला आणि मोटर त्याच्या आउटपुटच्या यू-व्ही-डब्ल्यूला. या तीन टर्मिनलना मेन्स चुकूनही देऊ नका, ड्राइव्ह तत्काळ जातो. ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये स्विच ठेवू नका. मोटरची केबल शील्डची घ्या. मोटरची बॉडी ड्राइव्हच्या अर्थ टर्मिनलला आणि ते टर्मिनल मुख्य अर्थिंगला जोडा. ड्राइव्हच्या गळती करंटमुळे आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की पुरवठा तोडणारा स्विच) ट्रिप होऊ शकतो. त्यावर उपाय म्हणून अर्थिंग कधीही तोडू नका, ड्राइव्हला चालणारा आरसीसीबी लावा. बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये 325 व्होल्टच्या आसपास डीसी राहतो. मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा आणि मीटरने तपासूनच हात घाला.

ड्राइव्ह स्पिंडलच्या मागे उघडा टांगू नका. त्याचा पंखा लोखंडाचा चुरा आत ओढतो. फिल्टर असलेल्या पेटीत, थोडा लांब बसवा.

सेटिंगमध्ये मोटरचे व्होल्टेज, करंट आणि 50 हर्ट्झ भरा. किमान 15 आणि कमाल 75 हर्ट्झ सुरुवातीला पुरे. 50 च्या वर टॉर्क घटत जातो. थांबण्याचा वेळ 3 सेकंद ठेवा. थांबताना ओव्हरव्होल्टेजचा ट्रिप आला तर हा वेळ वाढवा किंवा ब्रेकिंग रेझिस्टर लावा.

चालू-बंदसाठी टॉगल स्विच नको, दोन पुश बटणं आणि तातडीने थांबवायला लाल मश्रूम बटण लावा. टॉगल चालू राहिलं असेल तर काही ड्राइव्ह वीज परत येताच मोटर फिरवतात, आणि तेव्हा तुमचा हात कटरजवळ असू शकतो. बेल्ट काढून हे मुद्दाम तपासा: मोटर चालू असताना एमसीबी पाडा, डिस्प्ले विझू द्या, परत चढवा. मोटर जागची हलता कामा नये.

बेल्ट चढवण्याआधी फिरण्याची दिशा बघा. उलटी असेल तर सगळं बंद करून यू-व्ही-डब्ल्यूपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करा. मग बेल्ट लावून प्रत्येक पायरीवर 25, 50 आणि 75 हर्ट्झला टॅकोमीटरने स्पिंडलचा वेग मोजा. 75 ला तो मशीनच्या कमाल वेगापुढे जात असेल तर त्या पायरीवर तितकी फ्रिक्वेन्सी वापरू नका. आकडे कागदावर उतरवून पेटीच्या दारावर चिकटवा. 10 मिमीच्या एचएसएस एंडमिलला माइल्ड स्टीलवर 800 आरपीएम लागतात. कुठली पायरी, किती हर्ट्झ, हे त्या कागदावरून लगेच कळेल.