पीएचडीला लागताय? आधी ग्रंथालयात जा

नोंदणीचं पत्र हाती आलं की पहिली धाव गाइडकडे आणि पुढची टायपिंगवाल्याकडे, ही आपल्याकडची रीत. ग्रंथालय आठवतं ते शेवटी, प्लेजरिझमचं, म्हणजे मजकूर चोरलेला नसल्याचं, प्रमाणपत्र हवं असतं तेव्हा. मीही तशीच गेले, थिसिस जमा करायला तीन आठवडे उरलेले असताना. विषय होता बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांतल्या मुलींचं शिक्षण. संभाजीनगरहून केज, धारूर, वडवणीला फेऱ्या मारून ६२ मुलाखती घेतल्या होत्या. काम मनापासून झालं होतं, म्हणून पुढे जे झालं ते जास्त लागलं.

ग्रंथपाल मॅडमनी माझी पीडीएफ उघडली आणि म्हणाल्या, "यात 'उचल' हा शब्द शोधून दाखवा." मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम, म्हणजे उचल, हा तर माझ्या थिसिसचा कणा, पानोपानी तो शब्द. शोधलं तर एकदाही सापडेना. कारण साधं होतं. टायपिंग सेंटरने सगळा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप केला होता. डोळ्यांना मराठी दिसतं, पण संगणकाच्या लेखी ती निव्वळ इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. असा थिसिस शोधगंगेवर, म्हणजे थिसिसच्या ऑनलाइन भांडारात, चढला तरी आतला मजकूर कुणाच्या शोधात येत नाही, आणि प्लेजरिझमचं सॉफ्टवेअरही तो नीट वाचू शकत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला मराठी म्हणूनच कळणाऱ्या अक्षरांत, रूपांतर केलं तर रफार आणि जोडाक्षरं जागोजागी मोडली. २८० पानं ओळीवर बोट ठेवून तपासली, दोन आठवडे त्यातच गेले. मराठीत लिहिणाऱ्यांनी पहिल्या पानापासून युनिकोडच वापरा, आणि टायपिंग बाहेर देणार असाल तर पैसे ठरवायच्या आधी हे बोलून घ्या.

दुसरी गोष्ट याहून मोठी. परिशिष्टात मी मुलाखत दिलेल्यांची यादी जोडली होती: नाव, गाव, कोयता (ऊस तोडणारी जोडी) कोणत्या कारखान्याला, उचल किती. मॅडमनी ते पान पुढ्यात ठेवून विचारलं, "हे मुकादमाने वाचलं तर?" मी गप्प झाले. थिसिस आता विभागाच्या कपाटात पडून राहत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २००९च्या नियमांनी तो इलेक्ट्रॉनिक रूपात देणं आलं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची शोधगंगा तो जगापुढे ठेवते, मोबाइलवरही उघडतो. माझ्या संमतीपत्रात 'संशोधनासाठी' एवढंच लिहिलं होतं. माहिती कुठे, किती खुली होईल, याचा त्यात शब्दही नव्हता.

मी पुन्हा धारूरला गेले. एका मावशींना सगळं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "नाव काढून टाका बाई. आकडा मातर राहू द्या, त्यो खरा हाय." त्या दिवशी प्रत्येकीला सांकेतिक क्रमांक दिला आणि खऱ्या नावांची यादी पासवर्ड लावून वेगळी ठेवली. तुम्ही संमतीपत्राचा मसुदा पहिल्या मुलाखतीआधीच गाइडना आणि ग्रंथपालांना दाखवा. मी गावोगाव पुन्हा फिरले, तो प्रवास तुमचा वाचेल.

साठवणीचंही तसंच. माझं एक मेमरी कार्ड बिघडलं आणि ११ मुलाखतींचा आवाज गेला. हातच्या टिपणांवर भागवावं लागलं, बोलण्यातला सूर गेला तो गेलाच. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. फाइलला 'फायनल नवीन' असं नाव देऊ नका. तारीख, गाव, क्रमांक अशा क्रमाने द्या.

प्लेजरिझमची धास्ती मात्र फार घेऊ नका. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. १० ते ४० टक्क्यांत सुधारून पुन्हा जमा करावं लागतं, त्यापुढे प्रकरण गंभीर होतं. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणं त्यात मोजत नाहीत. एकेक प्रकरण झालं की ग्रंथालयात तपासून घ्या.

ऑर्किडचा (ORCID) १६ अंकी क्रमांक, म्हणजे संशोधकाची कायमची ओळख, पहिल्याच महिन्यात काढा, फुकट असतो. लग्नानंतर माझं आडनाव बदललं आणि आधीचे दोन पेपर जणू दुसऱ्याच बाईचे झाले. त्या क्रमांकाने ते एकत्र आले.

'पैसे भरा, आठ दिवसांत पेपर छापू' असे व्हॉट्सअॅप मेसेज तुम्हालाही येतील. २०२२च्या यूजीसी नियमांनी थिसिसआधी पेपर छापण्याची सक्ती काढली आहे, तेव्हा आधी तुमच्या विद्यापीठाची अट नीट वाचा. यूजीसी-केअर ही मान्य नियतकालिकांची यादीही आता बंद झाली आहे. म्हणून नियतकालिक पारखायला ग्रंथपालांचा डोळा हवाच. वाचायला मात्र आता बरीच सोय आहे: १ जानेवारी २०२५पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मधून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी विद्यापीठांना खुली झाली आहेत. संशोधन केंद्र लहान कॉलेजात असेल तर आपल्याला ती कुठून मिळतील, हे विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचारा.

छापलेला पेपर ऑनलाइन सगळीकडे टाकण्याआधीही विचारा. बरेच प्रकाशक अंतिम छापील प्रत टाकू देत नाहीत, पण स्वीकारलेला मसुदा ठेवू देतात. आकडेवारी ठेवायला मॅडमनी मला झेनोडो हे ऑनलाइन भांडार दाखवलं. सर्न ही युरोपातली संशोधन संस्था ते चालवते, खर्च नाही, आणि डीओआय हा कायमचा ओळख क्रमांक मिळतो, म्हणजे तुमचा तक्ता वापरणारा तुमचं नाव देऊ शकतो. मुलाखतींचे आवाज मी तिथे ठेवले नाहीत. गावात आवाजावरूनही माणूस ओळखू येतो. ज्यांनी होकार दिला त्यांच्याच ओळी तक्त्यात आहेत. मावशींच्या ओळीत 'धारूर-०७' आहे आणि समोर त्यांच्या उचलीचा आकडा.