अपघात झालाय आणि भरपाई मागायचीये? पोलीस स्टेशनला सही करायच्या आधी हे वाचा

गाडीने उडवलं, पाय मोडला, घरचे हॉस्पिटलमध्ये पळतायत आणि तेवढ्यात समोरच्या गाडीचा मालक येऊन म्हणतो की दादा, दहा हजार घ्या, पोरगा आहे, केस नका करू, आपसात मिटवू. आणि लोक घेतात! पुढे रॉड टाकायचं ऑपरेशन, सहा महिने घरी बसणं, परत रॉड काढायचं ऑपरेशन, तोपर्यंत ते दहा हजार कधीच संपलेले असतात. म्हणून पहिली गोष्ट हीच सांगतो की "आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही" असा जबाब देऊ नका. तसा जबाब दिल्याने क्लेम लगेच मरत नाही, पण विमा कंपनीचा वकील कोर्टात सगळ्यात आधी तोच कागद काढतो. आणि एक लक्षात घ्या, भरपाई बहुतेक वेळा त्या पोराच्या खिशातून जातच नाही, गाडीचा थर्ड पार्टी इन्शुरन्स असतो तो त्यासाठीच असतो, त्यामुळे केस केली म्हणून त्याचं घर विकायला लागेल असं काही नाही.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. कॅज्युअल्टीत पेशंट आणला की डॉक्टर विचारतात काय झालं, आणि घाबरलेला भाऊ किंवा शेजारी सांगून टाकतो "गाडीवरून पडला". केसपेपरवर तेच लिहिलं जातं. वर्षभराने विमा कंपनी म्हणते, बघा, हा स्वतःच स्लिप होऊन पडलाय, आमच्या गाडीचा काय संबंध? म्हणून सांगताना नीट सांगा, "कारने मागून धडक दिली", नंबर माहीत असेल तर नंबर सांगा, आणि एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची केस) नोंद झाली का ते विचारा. केसपेपरवर काय लिहिलंय ते शिकलेल्या माणसाकडून त्याच दिवशी वाचून घ्या, चुकलं असेल तर तिथेच डॉक्टरांना सांगा.

एफआयआरला एकदोन दिवस उशीर झाला तरी घाबरू नका, आधी उपचार हे कोर्टालाही कळतं, सुप्रीम कोर्टाने तसं म्हटलेलंही आहे. पण जेवढं लवकर तेवढं बरं. एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, गाडीचा आरटीओ तपासणी रिपोर्ट, समोरच्याचं आरसी, लायसन्स आणि विमा पॉलिसी यांच्या कॉप्या मागून घ्या. नंबर असेल तर एमपरिवहन ॲपवर विमा चालू आहे का ते दिसतं. माणूस गेला असेल तर इन्क्वेस्ट (मृतदेहाचा) पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम रिपोर्ट पण लागतो. 2022 पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी 48 तासांत अपघाताचा पहिला रिपोर्ट ट्रिब्युनलला (अपघात भरपाईचे दावे चालवणारं न्यायाधिकरण) आणि विमा कंपनीला द्यायचा असतो आणि 90 दिवसांत सविस्तर रिपोर्ट, तो दिला का हे तपास अधिकाऱ्याला विचारत रहा, विचारणाऱ्याचं काम होतं.

आता क्लेम कुठे करायचा. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, बोलताना सगळे एमएसीटीच म्हणतात, ते जिल्हा कोर्टात असतं. अपघात सोलापूर रोडला झाला आणि तुम्ही राहता नाशिकला, तर नाशिकला पण दावा लावता येतो, तारखांना सोलापूरला जायची गरज नाही. मुदत मात्र सांभाळा, कायद्यातल्या बदलानंतर 1 एप्रिल 2022 पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिने. याला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे पण त्या भरवशावर बसू नका, प्लास्टर निघेपर्यंत थांबू म्हणता म्हणता सहा महिने जातात.

दावा मुख्यतः मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली असतो, त्यात समोरच्याची चूक दाखवावी लागते. कलम 164 मध्ये चूक दाखवायची गरज नाही, मृत्यूला 5 लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख ठरलेले. पण 164 ची रक्कम घेतली की 166 चा दावा संपतो, त्यामुळे कमावता माणूस गेलाय आणि विमा कंपनीवाला घाईघाईने 164 च्या कागदावर सही मागतोय तर वकिलाला विचारल्याशिवाय देऊ नका. गाडी पळून गेली, नंबरच मिळाला नाही, तर हिट अँड रनची योजना आहे, मृत्यूला 2 लाख, गंभीर दुखापतीला 50 हजार, अर्ज प्रांत किंवा तहसीलदार ऑफिसला.

रक्कम कशी ठरते हे समजून घ्या, इथेच लोक फसतात. समजा 32 वर्षांचा प्लंबर, महिन्याला 15 हजार कमाई, पाय कायमचा अधू झाला. वर्षाचे 1 लाख 80 हजार, त्यात पुढे कमाई वाढली असती म्हणून 40 टक्के, झाले 2 लाख 52 हजार. वयाप्रमाणे किती वर्षांची कमाई धरायची तो आकडा म्हणजे गुणक, या वयाला तो 16, म्हणजे 40 लाख 32 हजार. डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर अपंगत्व 30 टक्के लिहिलंय तर त्याचे 12 लाख 9 हजार 600 होतात. पण हा माणूस आता शिडी चढू शकत नाही, खाली बसून पाइप जोडू शकत नाही, म्हणजे कमाईचं नुकसान 30 टक्क्यांपेक्षा जास्त आहे. कोर्टाने ते 50 टक्के मानलं तर 20 लाख 16 हजार. आठ लाखांचा फरक! शरीराचं अपंगत्व वेगळं आणि कमाईचं नुकसान वेगळं, हे सुप्रीम कोर्टाने 2010 मध्येच स्पष्ट केलंय. म्हणून तुम्ही काय काम करत होता आणि आता त्यातलं नेमकं काय जमत नाही हे साक्षीत सविस्तर सांगा, आणि सर्टिफिकेट देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष व्हायलाच पाहिजे. औषधोपचार, ॲटेंडंट, प्रवास, वेदना, पुढचं ऑपरेशन हे सगळं वेगळं मागायचं.

कमाईचा पुरावा नाही म्हणून खूप जण हताश होतात. आयटीआर, सॅलरी स्लिप असेल तर उत्तमच. शेतकरी असाल तर सातबारा, कारखान्याची ऊसाची बिलं, आडत्याची पट्टी, डेअरीच्या पावत्या, बँक पासबुक, हे सगळं चालतं. आणि घरातली बाई गेली तर ती "काही कमवत नव्हती" असं स्वतःच्या तोंडाने कधीच बोलू नका, गृहिणीच्या कामाचीही किंमत धरून कोर्ट भरपाई देतं.

मेडिक्लेमला ओरिजिनल बिलं द्यायच्या आधी सगळ्याची झेरॉक्स काढा. मेडिक्लेमचे पैसे मिळाले म्हणून उपचाराची भरपाई कापता येणार नाही असं मुंबई हायकोर्टाच्या फुल बेंचने 2025 मध्ये सांगितलंय.

समोरच्याकडे लायसन्स नव्हतं तरी बऱ्याचदा कोर्ट विमा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतं आणि नंतर मालकाकडून वसूल करायला सांगतं. विमाच नसेल तर मालकावर येतं, आणि तो देत नसेल तर कलेक्टरमार्फत महसुली थकबाकीसारखी वसुली करता येते. स्वतःच्याच चुकीने पडलात तर थर्ड पार्टीतून काही नाही, पण तुमच्या पॉलिसीत 15 लाखांचा पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर आहे का ते बघा, लायसन्स चालू लागतं.

वकील "मिळतील त्याचे तीस टक्के" म्हणाला तर तिथून उठा, निकालाच्या पैशात वाटा ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत बंदी आहे. फी ठरवून घ्या, पावती मागा, कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही नाही म्हणजे नाही. बायकांना तर उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, ऑफिस कोर्टाच्या आवारातच असतं. लोकअदालतीत तडजोडीचा आकडा आला तर वरच्यासारखा हिशेब घरी कागदावर मांडून मगच हो म्हणा, तिथे झालेल्या तडजोडीवर अपील नसतं. आणि पैसे थेट पेशंटच्या किंवा वारसांच्या स्वतःच्या खात्यात येऊ द्या, मुलांच्या नावाची रक्कम कोर्ट बहुतेक वेळा एफडीत ठेवायला लावतं, शिक्षणासाठी किंवा आजारपणासाठी लागली तर ट्रिब्युनलकडे अर्ज करून काढता येते.