पोके, सुशी, वालू: हवाई थाटाच्या हॉटेलात जेवताना या चुका टाळा

आईने मिसो सूपचा एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "ह्याला सुक्या बांगड्याचा वास येतोय रे."

होनोलुलूतलं एक गजबजलेलं सीफूड-सुशी हॉटेल, गुरुवारची संध्याकाळ. आई गुरुवारी मासे खात नाही. वेटरला मी दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा तो हसून "व्हेजिटेरियन, येस" म्हणाला होता. तिसऱ्यांदा विचारल्यावर तो आत जाऊन आला आणि म्हणाला, स्टॉकमध्ये बोनिटो असतो, पण मासा नाही घातलेला. बोनिटो म्हणजे शिजवून, धुरी देऊन, लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवलेला मासा. त्याचा कीस उकळून जो डाशी नावाचा स्टॉक होतो, त्यावर जपानी स्वयंपाकाचा डोलारा उभा असतो. वेटर खोटं बोलला नव्हता. त्याच्या लेखी तुकडा दिसला तरच मासा. आईच्या लेखी वास आला की मासा. जन्म अलिबागच्या मासळी बाजारात गेलेल्या बाईचं नाक ते.

आम्ही राहतो सॅन होजेला. तिथेही अशी हॉटेलं पुष्कळ आहेत, पण गेल्या वर्षी आई आणि मेहुणा दोघे आले तेव्हा थेट हवाईलाच गेलो. आठवडाभरात आम्ही मिळून इतक्या चुका केल्या की आता ओळखीचं कुणी तिकडे निघालं की आधी मला फोन करतं. जवळजवळ प्रत्येक चुकीचं मूळ एकच होतं: मेनूकार्डावरचं नाव वाचलं आणि पदार्थ कळला असं समजलो.

"व्हेज आहे का?" एवढंच विचारणं

हा प्रश्न तिथे कुचकामी आहे. "फिश स्टॉक, डाशी, बोनिटो, ऑयस्टर सॉस आहे का?" असं नावं घेऊन विचारा. भाज्यांचा टेम्पुरा, म्हणजे जपानी भजी, व्हेज वाटतो, पण सोबतच्या पातळ सॉसमध्ये बहुधा डाशी असते. इनारी, म्हणजे टोफूच्या पिशवीत भरलेला भात, हा तर हमखास चकवा. ती पिशवी बऱ्याचदा डाशीतच शिजवलेली असते. भातावर भुरभुरलेलं फुरिकाके आपल्या तिळाच्या चटणीसारखं दिसतं, पण त्यातही सुका मासा असू शकतो. किमचीत कोळंबी किंवा माशाचा सॉस असतो. पोके म्हणजे मसाला कालवलेले कच्च्या माशाचे तुकडे. त्याच्या काउंटरवर टोफू-पोके मिळतं, पण आधीच्या गिऱ्हाईकाचा ट्यूना ज्या भांड्यात कालवला त्यातच तेही कालवतात. वेगळं भांडं मागितलं तर देतात, कुणी तोंड वाकडं करत नाही. काकडीचा रोल, अ‍ॅव्होकाडोचा रोल आणि एडामामे, म्हणजे सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा, यांवर आईचा गुरुवार निभावला.

उलटा घोळ खेकड्याचा. स्वस्त रोलमधला "क्रॅब" बहुतेक वेळा पोलॉक नावाच्या माशाचा लगदा असतो, त्यात स्टार्च आणि अंड्याचा पांढरा भाग. अंड्याची किंवा गव्हाची अ‍ॅलर्जी असेल तर "आम्हाला खेकडा चालतो" म्हणून बिनधास्त राहू नका.

माशाच्या नावावर विसंबणं

शुक्रवारी रात्री मेहुण्याने "वालू" मागवला. वेटर म्हणाला, लोण्यासारखा मऊ. खरंच तसाच होता. पांढराशुभ्र, कडेला खरपूस, काटा लावला की पाकळ्या सुटायच्या. भाऊसाहेबांनी आपली प्लेट संपवली आणि माझ्यातलाही अर्धा तुकडा उचलला. शनिवारी सकाळी आम्ही बेटाच्या उत्तर किनाऱ्याला जाणाऱ्या टूरच्या बसमध्ये होतो. तासाभरात त्याचा चेहरा बदलला. पुढचं सविस्तर लिहीत नाही, पण पोटात कळ नाही, ताप नाही, नुसतं नारिंगी तेल, आणि तेही विचारून येत नाही. त्याने त्या दिवशी समुद्र पाहिला तो स्वच्छतागृहाच्या दारातून.

वालू म्हणजे एस्कोलार. या माशातली चरबी मेणासारखी असते, माणसाला ती पचत नाही, जशी जाते तशी खाली येते. हे नेहमीच्या अर्थाने विष नव्हे आणि मासा शिळाही नव्हता. पण जपानमध्ये याच्या विक्रीवर बंदी आहे, इटलीतही आहे. अमेरिकेत मात्र तो मिळतो, कधी वालू म्हणून, तर सुशीच्या दुकानात कधी "व्हाइट ट्यूना" म्हणून. खरा व्हाइट ट्यूना म्हणजे अल्बाकोर, डब्यात मिळतो तो. चवीला दोन तुकडे खा, थाळीभर नको. प्रवासाच्या आदल्या रात्री तर अजिबात नको.

"बटरफिश"चंही तसंच. हवाईत मिसो लावून भाजलेला बटरफिश म्हणजे बहुतेक ठिकाणी ब्लॅक कॉड, जो कॉडही नव्हे आणि बटरफिशही नव्हे. पण मासा उत्तम, आणि कच्चं न खाणाऱ्याने डोळे मिटून मागवावा असा. फक्त एकदा विचारून घ्या, ब्लॅक कॉड की एस्कोलार? "माहीमाही"ला इंग्रजीत डॉल्फिनफिश म्हणतात म्हणून आई दचकली होती, पण डॉल्फिनशी त्याचा काही संबंध नाही. "ओनो" हा आपल्या सुरमईच्या कुळातला, आणि हवाईयन भाषेत ओनो म्हणजे चविष्टसुद्धा. "स्क्विड लुआऊ" वाचून माकुल समजाल, तर वाटीत बऱ्याचदा ऑक्टोपस निघतो. आणि "पुपू" म्हणजे जेवणाआधीचं चटकमटक खाणं. मुलं हसतील, हसू द्या.

ट्यूना "नीट शिजवून" मागणं

ही खास आपली चूक. सीअर्ड आही येतो तो कडेने बोटाच्या पेराएवढासुद्धा शिजलेला नसतो, आत लालभडक. आपण घाबरून तो परत पाठवतो आणि "वेल डन" करून आणायला सांगतो. येतो तो खोडरबर. वर आपणच म्हणतो, यांना मासे करता येत नाहीत. आही म्हणजे यलोफिन किंवा बिगआय ट्यूना. शिजवला की सगळा रस जातो. कच्चं नको असेल तर माहीमाही घ्या, बटरफिश घ्या, आहीच्या वाटेला जाऊ नका. गरोदर बायकांनी तर कच्चा मासा टाळावाच, आणि पारा जास्त असल्यामुळे बिगआय शिजवलेलाही नको, असा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला आहे.

"फ्रेश आहे की फ्रोजन?" हा आपला आवडता प्रश्नही जरा बेताने विचारा. होनोलुलूच्या पिअर ३८ वर पहाटे साडेपाचला घंटा वाजते आणि लिलाव सुरू होतो. आपल्याकडे धक्क्यावर पाटी नाहीतर ढीग बोलतात, तिथे एकेका माशाची बोली लागते. शेपटीजवळ चीर दिलेली असते, घेणारे त्यातलं मांस बोटांवर चोळून रंग आणि चरबी पाहतात. तिथला ट्यूना ताजा मिळतो आणि तो कच्चा द्यायला हरकत नसते. पण साल्मन हवाईच्या समुद्रात नाहीच. समुद्रातला जंगली साल्मन कच्चा द्यायचा तर कृमी मरावेत म्हणून आधी गोठवावाच लागतो, उणे २० अंशांवर ७ दिवस किंवा उणे ३५ वर १५ तास. तेव्हा "फ्रोजन" हे उत्तर आलं की फसवलं असं समजू नका.

पोके गाडीत ठेवून फिरणं

उच्चार पोके, पोक किंवा पोकी नव्हे. अर्थ, आडवे तुकडे करणं. जुनी पद्धत साधी: मासा, मीठ, समुद्री शेवाळ आणि भाजून कुटलेल्या कुकुई बियांचं कूट. सोया सॉस आणि तिळाचं तेल आशियातून आलेल्या मजुरांबरोबर नंतर आलं. आंबा, मका आणि तिखट मेयोनीज हा तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचा प्रताप.

सुपरमार्केटमध्ये पोके सुरेख मिळतं, म्हणून लोक सकाळीच घेतात आणि दुपारी समुद्रावर खातात. हे करू नका. बाहेर दोन तास ही मर्यादा, पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. ट्यूना, माहीमाही आणि आपला बांगडासुद्धा उबेत राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं. घास तिखट लागला, जीभ चुरचुरली, चेहरा लाल झाला, डोकं दुखायला लागलं तर तिथेच थांबा. आपल्याला वाटतं माशाची अ‍ॅलर्जी आली, पण बऱ्याचदा दोष त्या एका तुकड्याचा असतो. परत गरम करून उपयोग नाही, हिस्टामिन शिजवून जात नाही. श्वासाला त्रास झाला तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

वासाबीला हिरवी चटणी समजणं

मेहुण्याने समजली. त्यावर एवढंच सांगतो की बहुतेक हॉटेलांतलं वासाबी खरं नसतंच, हॉर्सरॅडिश आणि मोहरीला हिरवा रंग दिलेला असतो. फेसलेली मोहरी नाकात जाते तशी ती जाते. हरभऱ्याच्या डाळीएवढी घ्या. सोया सॉस माशाच्या बाजूने लावा, भाताच्या नाही. भात बुडवला की सुटतो आणि खारट होतो. निगिरी, म्हणजे भाताच्या मुटक्यावर मासा ठेवलेली सुशी, हाताने खाल्ली तरी चालते, त्यामुळे चॉपस्टिकची झटापट नको. फक्त त्या भातात उभ्या खोचू नका. जपानी माणसाला ते मयताच्या भाताची आठवण करून देतं.

सगळ्यालाच "हवाईयन" म्हणणं

तिथे हवाईयन म्हणजे मूळचे तिथले लोक आणि त्यांचं अन्न: पोई (अळकुड्यांचा लगदा), लावलाव (पानात बांधून शिजवलेलं मांस), जमिनीखालच्या भट्टीतलं डुक्कर. उसाच्या मळ्यांवर १८६८ पासून जपानी मजूर आले, चिनी आधीच होते, मग कोरियन, फिलिपिनो. त्या सगळ्यांच्या डब्यांतून जे झालं ते "लोकल फूड". काचेच्या ग्लासात ऑर्किड खोचून येतं ते तिसरंच. १९९१ मध्ये सॅम चॉय, अ‍ॅलन वाँग, रॉय यामागुची अशा १२ शेफनी एकत्र येऊन स्थानिक मासे आणि भाज्यांवर उभी केलेली ती नवी पद्धत. आपल्या गावातलं हवाई थाटाचं हॉटेल असतं ते बहुधा या तिसऱ्याची नक्कल. अननस घातला की हवाईयन, असंही नाही. तो पिझ्झा १९६२ मध्ये कॅनडात जन्मला.

बिलाचं एक सांगून ठेवतो. सहा-आठ जण असाल तर टिप बऱ्याचदा आधीच धरलेली असते. बिल वाचा, नाहीतर माझ्यासारखी दोनदा द्याल.

रविवारी आम्ही एका साध्या, खऱ्या हवाईयन खाणावळीत गेलो. पोई मी चमचाभर नुसतीच खाल्ली आणि तोंड आंबट केलं. ती तशी खायचीच नसते. खारट साल्मन किंवा मांसाच्या घासाबरोबर घ्यायची, आपण भाताबरोबर घेतो तशी. शिवाय तिला नावं ठेवणं तिथे शोभत नाही, कारण अळू हा त्यांच्या वंशाचा थोरला भाऊ मानला जातो. पोई होते ती अळकुड्यांचीच. मग चिकन लावलाव आलं, पानात बांधलेलं. मी बाहेरच्या टी पानाचा तुकडा तोडून चावायला लागलो, तो काही चावेना.

"पातोळ्याचं पान खातोस का कधी?" आई म्हणाली. तिने आपलं पुडकं केव्हाच सोडलं होतं. बाहेरचं पान बाजूला, आतलं अळूचं पान मऊ होऊन चिकनला चिकटलेलं. नारळाच्या दुधात शिजवलेला लुआऊ, म्हणजे अळूची पानं, तिने बोटाने चाटून पाहिला आणि थोडा वेळ काही बोलली नाही.

"फदफदंच आहे की," ती म्हणाली. "चिंच-गूळ घालायचं राहिलंय यांचं."